साखर कारखान्याच्या शेडमध्ये, छताखाली ड्रोन उडवायचा आहे. कुणी केलंय का?

कराडकर फोटोवाला

नमस्कार मंडळी. लग्नं, जत्रा, प्लॉटिंगचे व्हिडिओ असं ड्रोनचं काम सहा वर्षं करतोय. मशीन मॅविक २ प्रो, आयातबंदी यायच्या आधी घेतलेलं. पायलट सर्टिफिकेट मागच्या वर्षी काढलं. उघड्यावर हात चांगला बसलाय, पण आजवर मंगल कार्यालयाच्या हॉलपलीकडे छताखाली कधी उडवलेलं नाही.

आता काम असं आलंय. जवळच्या एका साखर कारखान्याचं गाळप संपून ऑफ सीझनची दुरुस्ती सुरू झालीय. त्यांना मिल हाऊसच्या, म्हणजे ऊस पिळतात त्या शेडच्या, छताचे आतून फोटो पाहिजेत. ट्रस (छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या), पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या), पत्रे धरून ठेवणारे जे-बोल्ट आणि दोन शेडच्या मधल्या गटारीची खालची बाजू. शेड २०० फूट लांब, ९० फूट रुंद, जमिनीपासून ट्रसच्या खालच्या कडेपर्यंत ६० फूट. मध्ये ईओटी क्रेन, म्हणजे वरच्या रुळांवरून सरकणारी विजेची क्रेन. पत्रा काही लोखंडी, काही सिमेंटचा, मधे मधे उजेडासाठी पॉलिकार्बोनेटचा. रोहिणी निघायच्या आत रिपोर्ट पाहिजे, म्हणजे पावसाळ्याआधी दुरुस्ती होईल.

काम घ्यावंसं वाटतंय त्याचं कारण पैसा एवढंच नाही. माझे चुलते, तात्या, त्याच कारखान्यात फिटर आहेत. वय ५४. दरवर्षी मे महिन्यात पत्र्यावर चढून आणि ट्रसवरून सरकत जाऊन ही पाहणी तेच करतात. गेल्या वर्षी खाली आले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, मी बघितलंय. ह्या वर्षी त्यांच्या जागी मशीन वर जावं असं मला मनापासून वाटतं.

काल नुसतं बघून यावं म्हणून मिल हाऊसच्या मोकळ्या टोकाला पाच मिनिटं उडवून पाहिलं. तीन-चार मीटरवर गप्प उभा राहिला. वर नेला तसा हळूहळू एका बाजूला वाहायला लागला, स्टिक सोडली तरी थांबेना. उतरवला आणि घरी आलो. ह्या कामाला हे मशीन चालेल का? आणि काय काय बघावं लागेल? अनुभव असलेल्यांनी सविस्तर सांगावं.

नाशिक एफपीव्ही

दादा, वर गेल्यावर तो ॲटी मोडमध्ये गेला. छताखाली जीपीएस नाही आणि खालचे कॅमेरे साधारण दहा-अकरा मीटरपर्यंतच नीट धरतात. त्याच्या वर मशीनला आपण कुठं आहोत हे कळत नाही, फक्त सपाट राहता येतं. मग हवा नेईल तिकडं जातं.

मी डक्टवाला छोटा सिनेव्हूप ड्रोन वापरतो, फॅक्टरीचे प्रमोशनल व्हिडिओ करतो. पंख्यांना कडं असतं, खांबाला घासला तरी बहुतेक वेळा वाचतो. पण तो स्वतः जागेवर उभा राहत नाही, सगळं हातावर. एक बोल्ट दहा सेकंद स्थिर दाखव म्हटलं तर मला जमणार नाही. तुमच्या कामाला तुमचंच मशीन बरं. ॲटीचा सराव मात्र भरपूर करा, आधी सिम्युलेटरवर, मग एखाद्या रिकाम्या गोडाऊनमध्ये.

चाकणची सेफ्टीवाली

कराडकर दादा, तुम्ही उतरवून घरी आलात हे सगळ्यात चांगलं केलंत. मी बारा वर्षं कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर होते, गेली सहा वर्षं फक्त आतल्या पाहणीचं ड्रोनचं काम करते. चाकण, तळेगाव, रांजणगाव ह्या भागातल्या शेड. थोडं लांब लिहिते, कारण विषय माझ्या जवळचा आहे.

तात्यांचं वाचलं आणि २०१४ सालचं आठवलं. मी ज्या कारखान्यात होते तिथं सिमेंटच्या पत्र्यावर एक कंत्राटी मुलगा चढला होता. वर्षानुवर्षांची धूळ बसली की सिमेंटचा पत्रा आणि लोखंडी पत्रा वरून सारखेच दिसतात. त्यानं पाय पर्लिनवर न ठेवता दोन पर्लिनच्या मधे ठेवला. अकरा मीटर. तो वाचला नाही. तो वर कशाला गेला होता? कुठं गळतंय ते बघायला. नुसतं बघायला. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, बघायला माणूस वर जाता कामा नये. दुरुस्तीला जाईल तेव्हा स्कॅफोल्डिंग, लाइफलाइन, हार्नेस सगळं लावून जाईल.

आता मशीनचं. मॅविक २ प्रो चालेल, पण त्याच्या मर्यादा धरून.

पहिली गोष्ट रिटर्न टू होम, म्हणजे मशीननं आपणहून निघालेल्या जागी परत येणं. सिग्नल तुटला तर काय करायचं ही सेटिंग ॲपमध्ये असते, ती रिटर्न टू होमवरून काढा. माझी सुरुवातीची चूक हीच. एका वेअरहाऊसमध्ये मी शटरच्या तोंडाशी मशीन चालू केलं. तिथं त्याला उपग्रह मिळाले, होम पॉइंट नोंदला गेला. पुढं आत गेल्यावर खांबांच्या आड सिग्नल तुटला, त्याच वेळी वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा होता, त्यातून पुन्हा उपग्रह मिळाले. मशीन घरी यायला निघालं. घरी यायचं म्हणजे आधी ठरलेल्या उंचीवर चढायचं, आणि ती उंची छताच्या वर होती. पर्लिनला धडकून जिथं पडलं तिथून दोन मीटरवर हेल्पर उभा होता. त्या दिवसापासून माझ्या कामात खाली मोकळी फरशी असेल तर लँडिंग आणि खाली मशिनरी असेल तर हॉवर. तिसरा पर्याय नाही. मशीनही आतच चालू करायचं, दारात नाही.

तुमच्या शेडमध्ये मधे मधे पॉलिकार्बोनेट आहे म्हणता, म्हणून हे जास्त जपा. पूर्ण अंधारी शेड एक वेळ परवडते, कारण जीपीएस नाही म्हणजे नाही. अर्धवट जीपीएस फार वाईट. चार उपग्रह दिसतात, मशीन त्यांच्यावर विश्वास ठेवतं आणि एकदम दीड-दोन मीटर बाजूला सरकतं. उजेडाच्या पट्ट्याखाली जाताना छतापासून आणि खांबापासून जादा अंतर ठेवा, बोटं स्टिकवरच असू द्या.

होकायंत्र. ते घरी किंवा मोकळ्या शेतात कॅलिब्रेट करून आणा, शेडमध्ये अजिबात नको. आजूबाजूला सगळं लोखंड, त्यात कॅलिब्रेट केलं तर चुकीचंच शिकेल. चेकर्ड प्लेटवरून (खडबडीत लोखंडी पत्र्यावरून) टेक ऑफ करू नका. मी प्लायवूडचा तुकडा आणि एक प्लास्टिकचं स्टूल गाडीत ठेवते. फरशीखालच्या सळ्यांपासूनही तेवढंच लांब राहतं.

उडवायचं ट्रायपॉड मोडमध्ये, म्हणजे मशीनच्या सगळ्यात सावकाश मोडमध्ये. वेग सेकंदाला एक मीटरच्या पुढं जात नाही. शिवाय तुमच्या मशीनचे बाजूचे सेन्सर साध्या मोडमध्ये झोपलेले असतात, ट्रायपॉड मोडमध्ये जागे होतात. तरी सेन्सरवर भरवसा ठेवून जवळ जाऊ नका. वायर, दोरी, बारीक सळई त्यांना दिसत नाही. छताच्या दोन-तीन फुटांत गेलात की पंखे वरची हवा खेचतात आणि मशीन आपणहून वर चिकटायला बघतं. मी पत्र्यापासून दोन मीटरच्या आत जात नाही, झूम किंवा क्रॉपनं काम भागवते.

साठ फुटांचं काय करायचं? खालचे कॅमेरे फरशीपासून मोजत नाहीत, खाली जे काही असेल त्यापासून मोजतात. मिलच्या प्लॅटफॉर्मवरून गेलात तर तो प्लॅटफॉर्मच त्यांची जमीन. म्हणजे तिथं तुम्हाला उंचीचा फायदा मिळतो. पण प्लॅटफॉर्मची कड ओलांडली की जमीन एकदम पाच-सहा मीटर खाली जाते, मशीन गोंधळतं, हलकासा झोका खातं. अशा कडा आदल्या दिवशी चालत फिरून बघून ठेवा. खाली उजेड पाडा. गुळगुळीत, तेलकट, एकरंगी फरशी मशीनला दिसत नाही. मी गोणपाट आणि जुनी वर्तमानपत्रं टेपनं चिकटवते, काम होतं.

आणि माणसं. क्रेन एका टोकाला लावून तिचा पुरवठा तोडायचा, कुलूप लावायचं, किल्ली तुमच्या खिशात. “कुणी चालवणार नाही” हे शब्द किल्लीच्या जागी चालत नाहीत. वर्क परमिट घ्या, ज्या गाळ्यात (दोन ट्रसमधल्या भागात) उडवणार त्याच्या खाली एकही माणूस नको. एक माणूस शेजारी हवा, ज्याची नजर सतत मशीनवर आहे, स्क्रीनवर नाही. तो माणूस म्हणून तात्यांना घ्या. मनापासून सांगते. छत त्यांना पाठ आहे.

निवृत्त चीफ इंजिनिअर

ताईंनी फार चांगलं लिहिलं आहे. मी ३४ वर्षं साखर कारखान्यांत काढली, शेवटची नऊ चीफ इंजिनिअर म्हणून. ड्रोन मला येत नाही, छत येतं. त्यातलं थोडं सांगतो.

कराडकर, छताला भोकं कुठं आहेत ते शोधायला ड्रोन वापरू नका. दुपारी बारा वाजता सगळे दिवे बंद करून मिल हाऊसमध्ये पंधरा मिनिटं उभे राहा. डोळे सरावले की प्रत्येक भोक चांदणीसारखं दिसतं. खडूनं खाली फरशीवर खूण करा. ड्रोननं बघायचं ते जे खालून दिसत नाही ते. ट्रसचे सांधे, ते जोडणाऱ्या गसेट प्लेट, पर्लिनची वरची बाजू, गटारीच्या पोटातला गंज.

गंज कुठं जास्त असतो? आपल्याकडं रस स्वच्छ करायला गंधकाचा धूर वापरतात. त्या सल्फर बर्नरकडून येणारी हवा आणि रस गरम करताना उठणारी वाफ जिथं छताला लागते, तिथलं लोखंड आधी गंजतं. बॉइलिंग हाऊसला (रस उकळून साखर करतात त्या इमारतीला) लागून असलेली मिल हाऊसची बाजू आणि मधल्या गटारीच्या दोन्ही अंगांचे सांधे आधी घ्या. तिथं वेळ घालवा, बाकी ठिकाणी भराभर पुढं गेलात तरी चालेल.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. मिल हाऊसचं काम चांगलं झालं की तुम्हाला “जरा ग्रेडर आणि साखरेच्या हॉपरकडचंही घ्या” म्हणतील, म्हणजे साखर चाळायची आणि साठवायची जागा. तिथं तुळयांवर साखरेची बारीक धूळ बसलेली असते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थच्या साखर रिफायनरीत ७ फेब्रुवारी २००८ ला स्फोट झाला, १४ माणसं गेली. पहिला स्फोट सायलोखालच्या (साखर साठवायच्या उंच टाक्यांखालच्या) बंदिस्त कन्व्हेयरमध्ये झाला. त्याच्या धक्क्यानं पॅकिंगच्या इमारतीतली साठलेली धूळ हवेत उडाली आणि ती एकामागून एक पेटत गेली. ड्रोनचे पंखे म्हणजे धूळ उडवायचं यंत्रच की. त्यात मोटार आहे, बॅटरी आहे, पडला तर ठिणगी आहे. तो भाग पाण्यानं धुऊन, वाळवून, पुरवठा तोडून दिल्याशिवाय तिकडं जायचं नाही. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, शेडलाही हेच लागू. कुणीही सांगो, चेअरमन सांगो, नाही म्हणायचं.

आणि सकाळी सातला सुरू करा, दहाला थांबा. मे महिन्यात पत्र्याखालची हवा दुपारी खालच्यापेक्षा पुष्कळ तापते.

कराडकर फोटोवाला

ताई, काका, दोघांचे खूप आभार. प्रिंट काढून घेतली. ग्रेडरचं काका म्हणाले तसंच झालं. आज चर्चेला गेलो तर त्यांनी ते काम यादीत घातलेलंच होतं. काढायला लावलं.

दोन शंका. माझा कॅमेरा वर फार तर ३० अंश बघतो. मग डोक्यावरचा पत्रा आणि गटारीचं पोट कसं घ्यायचं? आणि त्या पाच मिनिटांच्या उड्डाणात सोडियमच्या दिव्यांमुळं व्हिडिओत काळ्या पट्ट्या सरकत होत्या, त्याचं काय करायचं?

चाकणची सेफ्टीवाली

सरळ वर बघता येत नाही, हीच आपल्या साध्या मशीनची खरी मर्यादा. पिंजऱ्यातला ड्रोन, एलिओससारखा, मुळात ह्याच कामासाठी बनवलेला आहे. त्याचा कॅमेरा सरळ माथ्याकडं वळतो, भोवती कार्बन फायबरचा पिंजरा असतो, भिंतीला टेकून पुढं जातो. लोझानची स्विस कंपनी बनवते. बॉयलरच्या आत किंवा चिमणीत जायचं असेल तर मी तोच भाड्यानं घेते, माझं साधं मशीन तिथं नेतही नाही. तुमच्या मोकळ्या शेडला त्याची गरज नाही.

गिम्बलची (कॅमेरा वळवणाऱ्या भागाची) वरची मर्यादा आधी ॲपमध्ये वाढवून घ्या, नाहीतर ३० अंशही मिळणार नाहीत. मग डोक्यावरचं बघायचंच नाही. एका ट्रसखाली उभं राहून पुढच्या गाळ्यातला पत्रा तिरका बघा. परत येताना तोच पत्रा दुसऱ्या बाजूनं. दोन्ही फोटो मिळून सांधा पूर्ण दिसतो. वर बघताना फ्रेमच्या कडेला पंखे येतात, येऊ देत.

पट्ट्या दिव्यांमुळं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर एकपन्नासांश किंवा एकशतांशवर पक्कं लावा. ऑटो नको. व्हाइट बॅलन्सही हातानं लावून ठेवा, नाहीतर सोडियमच्या उजेडात गंज आणि स्वच्छ लोखंड एकाच रंगाचं दिसतं. काकांना तोच रंग तर बघायचा आहे. महत्त्वाच्या सांध्याला थांबून रॉ फोटो (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा.

आणखी एक, मागच्या वेळी लिहायचं राहिलं. आतल्या फोटोंवर जीपीएसचा पत्ता नसतो. दुसऱ्या दिवशी सातशे फोटो सारखेच दिसतात आणि कुठला ट्रस कुठला ते देवालाही सांगता येत नाही. प्रत्येक खांबावर खडूनं मोठा नंबर टाका. नवीन गाळा सुरू करताना पहिला फोटो त्या नंबरचा, मग वर जा. कबुतरांसाठी सकाळी आधी एकदा डबा वाजवून घ्या. घाबरून उठलेलं कबुतर सरळ पंख्यात येतं. त्यांची विष्ठाही उडते, तर मास्क दोघांनाही.

कराडकर फोटोवाला

उशिरा लिहितोय, माफ करा. काम झालं. तीन सकाळी लागल्या, एकूण १४ गाळे.

पहिले दोन दिवस काहीच वेगळं घडलं नाही. क्रेनची किल्ली माझ्या खिशात, परमिट खांबाला लावलेलं, खाली दोरी. तात्या शेजारी शिट्टी घेऊन. ट्रायपॉड मोडमध्ये इतकं हळू उडवायला मला सुरुवातीला जड गेलं, लग्नातली सवय. प्लॅटफॉर्मवर गोणपाट पसरलं तर खरंच मशीन खिळल्यासारखं उभं राहिलं. कडेवरून जाताना झोका खाल्ला, पण कड माहीत होती म्हणून हात तयार होता.

नवव्या गाळ्यात उजेडाच्या पट्टीखाली गेलो आणि स्क्रीनवर उपग्रहांचा आकडा वाढायला लागला. मी आकडा बघेपर्यंत तात्यांनी शिट्टी मारली होती. मशीन खांबाकडं सरकत होतं. स्टिक उलटी दाबून मोकळ्या बाजूला घेतलं, खाली आणलं. अंतर बरंच होतं, काही लागलं नाही. पण मी त्या वेळी स्क्रीनकडं बघत होतो, हे खरं आहे. तात्यांची नजर मशीनवर होती म्हणून वेळेत कळलं. तो गाळा मग पट्टीच्या दोन्ही अंगांनी लांबून घेतला.

काका, तुमचं म्हणणं तंतोतंत. मधल्या गटारीच्या बॉइलिंग हाऊसकडच्या अंगाला, अकराव्या ट्रसची गसेट प्लेट अर्ध्याहून जास्त खाल्लेली निघाली. खालून बघितलं तर रंग शाबूत दिसतो, गंज सगळा वरच्या अंगानं. फोटो लॅपटॉपवर दाखवत होतो तेव्हा नंबरचा फोटो अजून उघडलाही नव्हता. तात्या म्हणाले, “हा अकरावा. ह्याच्यावर पाय ठेवून मी गेल्या वर्षी पलीकडं गेलोय.” त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

त्याच दिवशी दुपारी अकराव्या ट्रसखालचा रस्ता दोरी बांधून बंद केला. स्कॅफोल्डिंग सोमवारपासून लागतंय. बाकी १८ जे-बोल्ट गेलेले आहेत, त्यांची यादी खांबांच्या नंबरासकट दिली.

ताई, इंजिनिअर साहेबांनी विचारलंय की पुढच्या वर्षी गाळप संपल्यावर बॉइलिंग हाऊसचंही कराल का. तिथं पॅन, पाइप आणि वाफेच्या लाइनींची फार दाटी आहे, मोकळी जागा जेमतेम आठ-दहा फूट. मला वाटतं ते माझ्या मशीनचं काम नाही. पिंजऱ्यातल्या ड्रोनचं भाडं आणि चालवणारा माणूस ह्याबद्दल तुम्हाला निरोप पाठवला आहे, बघून घ्या.

चाकणची सेफ्टीवाली

निरोप मिळाला. आठ-दहा फुटांत तुमचं मशीन नको, बरोबर ठरवलंत. ऑक्टोबरच्या आधी एकदा तिकडं येते, मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या, आत जागा बघून घेऊ. तात्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्या दिवशीही शिट्टी घेऊन यायला सांगा.